डीबगरमध्ये टाइप कसा पाहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी पाच-सात मुलं लॅपटॉप घेऊन येतात. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि पेपरात इंग्रजी, अशी सगळ्यांची गत. सी भाषा येते, प्रोग्राम चालतो, पण बिघडला की मुलं प्रत्येक ओळीखाली प्रिंटएफ टाकत सुटतात. डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) उघडलाच तर फक्त व्हॅल्यू विचारतात, टाइप कधीच नाही. मग जे अडतं त्याबद्दल दर रविवारी तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

उदाहरणं लिनक्सवरच्या जीडीबी या डीबगरची आणि ६४ बिट इंटेल मशीनची आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत येतील. 'पीटाइप' हा सलग शब्द आहे. 'पीटाइप/ओ' म्हणजे त्याला चिकटून तिरपी रेघ आणि लहान ओ.

व्हेरिएबलचा टाइप डीबगरला कळतो कुठून? मेमरीत तर नुसते बाइट असतात.

बरोबर, मेमरीत टाइप नसतो. तिथल्या ८ बाइटांना आपण डबल आहोत की पॉइंटर, याचा पत्ताही नसतो. टाइप माहीत असतो कंपायलरला, आणि काम संपलं की तो ते विसरून जातो. '-जी' हा पर्याय दिला तर मात्र जाण्यापूर्वी तो सगळं टिपून ठेवतो: इंट नावाचा मूळ टाइप ४ बाइटांचा आणि चिन्हासह, अमुक स्ट्रक्ट ३२ बाइटांचा, त्यातलं 'वजन' हे फील्ड आठव्या बाइटापासून. लिनक्सवर हे टिपण ज्या पद्धतीनं लिहितात तिला ड्वार्फ म्हणतात. फाइलच्या ढाच्याचं नाव एल्फ, म्हणून जोडीला ड्वार्फ, असा हा विनोद आहे. ड्वार्फची पाचवी आवृत्ती २०१७ साली आली आणि जीसीसी या कंपायलरच्या ११ व्या आवृत्तीपासून तीच आपोआप वापरली जाते.

टिपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर 'रीडएल्फ' या आज्ञेला डीबग-डंप हा पर्याय द्या. दहा ओळींच्या प्रोग्रामसाठी पडदे भरून मजकूर येईल. एकदा तरी पाहाच. डीबगर टाइप ओळखत नाही, कंपायलरनं लिहिलेलं वाचून दाखवतो, हे त्याशिवाय पटत नाही. आणि लिहिलेलं वाचायचं म्हटलं की ते जुनं असू शकतं, अपुरं असू शकतं, दुसऱ्याच फाइलचं असू शकतं. खालचे निम्मे प्रश्न यातूनच निघालेत.

'व्हॉटइज' आणि 'पीटाइप' यांत फरक काय?

व्हॉटइज नाव सांगतं, पीटाइप पोट उघडून दाखवतं. व्हेरिएबल स्ट्रक्टचं असेल तर व्हॉटइज म्हणेल 'स्ट्रक्ट नोंद' आणि गप्प बसेल. पीटाइप त्यातली सगळी फील्डं ओळीनं मांडेल.

खरी गंमत टाइपडेफमध्ये आहे. समजा, लाँगला 'ग्रॅम' असं नाव दिलं, ग्रॅमला पुन्हा 'निव्वळ' असं नाव दिलं, आणि 'न' हे व्हेरिएबल निव्वळ टाइपचं केलं. आता 'व्हॉटइज न' विचारलं की उत्तर येतं निव्वळ, म्हणजे जसं लिहिलंत तसं. 'व्हॉटइज निव्वळ' विचारलं, म्हणजे व्हेरिएबलऐवजी टाइपचंच नाव दिलं, तर एकच पायरी उतरून ग्रॅम. 'पीटाइप न' विचारलं की थेट तळाला जाऊन लाँग. पीटाइप हे टाइपडेफ उलगडतं ते फक्त बाहेरच्या पातळीवर. स्ट्रक्टच्या आतलं फील्ड निव्वळ असेल तर तिथं निव्वळच दिसेल.

फंक्शनचंही विचारता येतं. 'पीटाइप मेन' म्हटलं की परत काय देतं आणि आत काय घेतं ते समोर येतं.

पीटाइपमध्ये आय प्लस प्लस लिहिलं तर आय वाढेल का?

नाही. दोन्ही आज्ञा एक्स्प्रेशनचा फक्त टाइप काढतात, ते चालवत नाहीत. फंक्शनला हाक मारलीत तरी ते खरोखर चालत नाही. प्रिंट मात्र चालवतं, तिथं सांभाळून.

याचा एक चांगला उपयोग आहे. दोन कॅर मिळवले तर बेरीज कुठल्या टाइपची, असं परीक्षेत विचारतात आणि मुलं पाठ करतात. पाठ कशाला करायचं, व्हॉटइजला विचारा. तो सांगेल इंट. (कॅरला इथली निम्मी मुलं 'चार' म्हणतात. म्हणा बापडे, पण 'चार' म्हटलं की चार बाइट वाटतात, असतो एकच.)

'पीटाइप नोंद' लिहिलं तर सध्याच्या संदर्भात असं सिम्बॉलच नाही म्हणतो. स्ट्रक्ट तर समोर दिसतोय!

सी असेल तर 'पीटाइप स्ट्रक्ट नोंद' लिहा. सीमध्ये स्ट्रक्टचं नाव वेगळ्या खात्यात असतं, स्ट्रक्ट हा शब्द लावल्याशिवाय तिकडे शोध होत नाही. युनियन आणि इनमचंही तसंच. सी प्लस प्लसमध्ये नुसतं नाव चालतं.

तरीही मिळालं नाही, तर तो स्ट्रक्ट कुठं वापरलाय का ते बघा. हेडरमध्ये नुसता लिहून ठेवलेला, कुणीच न वापरलेला टाइप जीसीसी टिपणात घालतच नाही, फाइल फुगू नये म्हणून. '-एफनो-एलिमिनेट-अनयूज्ड-डीबग-टाइप्स' असं लांबलचक नाव असलेला पर्याय दिला की घालतो.

मी स्ट्रक्टमध्ये नवं फील्ड टाकलं, पण पीटाइप जुनाच स्ट्रक्ट दाखवतो.

मेक चालवून प्रोग्राम पुन्हा बांधलात का? तीच फाइल उघडलीये ना, की बिल्ड एका फोल्डरात आणि जीडीबी दुसऱ्यात? कोअर फाइल (प्रोग्राम कोसळताना साठवलेली त्याची मेमरी) बघत असाल तर प्रोग्राम कोअरपेक्षा नवा आहे असा इशारा सुरुवातीला येतो. तो वाचायचा असतो.

स्ट्रक्टमधलं कुठलं फील्ड कितव्या बाइटावर आहे, हे दिसतं का?

दिसतं, आणि या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आज्ञा आहे पीटाइप/ओ. जीडीबी ८.१ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. धान्य मंडीजवळच्या एका धर्मकाट्याचं (ट्रक तोलायच्या काट्याचं) सॉफ्टवेअर आम्ही दोघा मित्रांनी लिहून दिलं होतं. ट्रक चढला की एक नोंद तयार व्हायची: शिफ्ट, वजन, पावतीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर. एक दिवस पावतीवर वजनाच्या जागी भलताच आकडा यायला लागला, कधी शून्याच्या आसपास, कधी पन्नास अंकी. काट्याच्या पडद्यावर मात्र वजन बरोबर. आम्ही दोन दिवस प्रिंटएफ टाकत बसलो. नोंद भरणाऱ्या फंक्शनमध्ये आकडा बरोबर, छापणाऱ्या फंक्शनमध्ये चूक, आणि मधे कुणी हातही लावत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जीडीबीत छापणाऱ्या फंक्शनवर थांबून 'पीटाइप/ओ स्ट्रक्ट नोंद' विचारलं. जे आलं ते इथं मराठीत मांडतो. पहिला आकडा सुरुवातीचा बाइट, दुसरा आकार:

० | १ | कॅर शिफ्ट
७ बाइटांचं भोक
८ | ८ | डबल वजन
१६ | ४ | इंट पावती
२० | १० | कॅर गाडी[१०]
शेवटी २ बाइटांची भरती
एकूण आकार ३२ बाइट

यात वावगं काही नाही. डबलला ८ नं भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसायचं असतं, म्हणून शिफ्टनंतर ७ बाइट रिकामे. मग 'अप' म्हणून एक फ्रेम वर, म्हणजे हाक मारणाऱ्या फंक्शनमध्ये गेलो, जिथं नोंद भरली होती, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. वजन पहिल्या बाइटावर, पावती नवव्या, गाडी तेराव्या, एकूण आकार २३ बाइट. भोक नाही, भरती नाही. एकाच प्रोग्राममध्ये एकाच नावाचे दोन स्ट्रक्ट!

काट्याच्या यंत्रासोबत आलेल्या हेडर फाइलमध्ये 'प्रॅग्मा पॅक १' होतं, म्हणजे रिकामी जागा न सोडता फील्डं चिकटवून ठेवा. काम झाल्यावर ते पूर्ववत करणारी ओळ मात्र पुरवठादारानं लिहिलीच नव्हती. भरणाऱ्या फाइलमध्ये ते हेडर आमच्या हेडरच्या आधी यायचं, त्यामुळे पॅकचा हुकूम आमच्या स्ट्रक्टलाही लागू व्हायचा. छापणाऱ्या फाइलमध्ये ते हेडर नव्हतंच. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो, म्हणून त्याची तक्रार नाही. फाइली जोडणारा लिंकर स्ट्रक्ट बघतच नाही, म्हणून त्याचीही नाही. ड्वार्फमध्ये मात्र दोन्ही टिपणं जशीच्या तशी होती, आणि सीमध्ये जीडीबी आधी सध्याच्या फ्रेमच्या फाइलमधला टाइप बघतो, म्हणून दोन फ्रेममध्ये दोन उत्तरं मिळाली. आम्ही दोन दिवस व्हॅल्यू विचारत होतो.

त्यांच्या हेडरच्या आधी पॅक पुश आणि नंतर पॅक पॉप टाकलं, प्रश्न मिटला. शिवाय दोन्ही फाइलींत स्टॅटिक अ‍ॅसर्ट लावून ठेवला: नोंदीचा आकार ३२ नसेल तर कंपाइलच होऊ नये.

मग ती ७ बाइटांची जागा वाया जाते का? वाचवता येते?

फील्डांचा क्रम बदलून बघा. वजन आधी, मग पावती, मग गाडी, शेवटी शिफ्ट. ८ आणि ४ मिळून १२, १० मिळवले की २२, १ मिळवला की २३, आणि पुढचा ८ चा पाढा २४ वर, म्हणून १ बाइट भरती. ३२ चे २४ झाले, पॅक न करता. पाच नोंदी असतील तर सोडून द्या. पन्नास लाख असतील तर ४ कोटी बाइट वाचतात. हे काम पाहोल नावाचं साधनही करतं, जीडीबीनं भोकं दाखवण्याची ही पद्धत त्याच्याकडूनच उचलली आहे.

युनियनवर पीटाइप/ओ चालवलं तर सदस्यांची सुरुवात लिहून येत नाही, फक्त आकार येतो. सगळे एकाच जागी बसतात, सांगणार काय? बिट-फील्ड असेल तर बाइटानंतर विसर्ग देऊन कितवा बिट तेही येतं.

जीडीबीत गाडीचा नंबर बरोबर दिसतो, पावतीवर मात्र शेवटी कचरा येतो. असं का?

हाही त्याच धर्मकाट्याचा किस्सा. इंदूरच्या गाडीचा नंबर घ्या: एमपी ०९, दोन अक्षरं, चार अंक. मोजा, बरोबर १० होतात. अ‍ॅरेही १० चा. म्हणजे शेवटच्या शून्य बाइटाला जागाच नाही. जीडीबीला टाइपवरून कळतं की अ‍ॅरे १० चाच आहे, म्हणून तो दहावर थांबतो. प्रिंटएफकडे टाइपची ही माहिती पोचत नाही, तो शून्य सापडेपर्यंत पुढे जात राहतो. गाडीमागचे भरतीचे २ बाइट योगायोगानं शून्य होते तोवर आमचं चाललं होतं. फील्डांचा क्रम बदलून गाडीच्या मागे शिफ्ट आली, आणि पावतीवर नंबरापुढे एक अक्षर उगवलं. अ‍ॅरे ११ चा केला. लाज वाटली, पण सांगून टाकलं.

फंक्शनला दहाचा अ‍ॅरे दिला, आत पीटाइप विचारलं तर इंट पॉइंटर म्हणतो. जीडीबी चुकतोय?

जीडीबी बरोबर आहे. पॅरामीटरमध्ये कंसात १० लिहिलंत तरी सी त्याचा पॉइंटरच करतं, दहा हा आकडा तिथंच गळून पडतो. दहाही घटक बघायचे असतील तर 'प्रिंट' नंतर तारांकन, अ‍ॅरेचं नाव, अ‍ॅट चिन्ह आणि १०.

८ बिटांचा अंक ठेवला, प्रिंट केलं तर ६५ आणि शेजारी ए हे अक्षर दिसतं. मला अक्षर नकोय.

'व्हॉटइज' म्हणेल यूइंट८_टी, 'पीटाइप' म्हणेल अनसाइन्ड कॅर. अंकासाठी म्हणून दिलेलं नाव वरचं, आतून तो कॅरच आहे, आणि जीडीबी कॅर समजून दाखवतो. प्रिंट/डी लिहा, नुसता अंक येईल.

व्हॉइड पॉइंटर आलाय. आत काय आहे ते कसं बघू?

त्याचा टाइप जीडीबीला माहीत नाही, कारण तुम्हीच तो पुसून टाकलात. काय आहे ते तुम्हाला माहीत असेल तर कास्ट करून प्रिंट करा. अंदाजानं कास्ट केलंत तरी जीडीबी हूं की चूं न करता काहीतरी दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका.

सी प्लस प्लसमध्ये पॉइंटर बेस क्लासचा, वस्तू डिराइव्हड क्लासची. टाइप बेसच का दाखवतो?

कारण कोडमध्ये तसं लिहिलंय. 'सेट प्रिंट ऑब्जेक्ट ऑन' करा. क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन असेल तर जीडीबी वस्तूतल्या पॉइंटरवरून तिच्या क्लासचा व्ही-टेबल (व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) बघून खरा टाइप ओळखतो आणि लिहिलेल्या टाइपच्या शेजारी दाखवतो. व्हर्च्युअल फंक्शन नसेल तर ओळखायला खूणच नाही. टाइप मेमरीत नसतो असं वर म्हटलं होतं, त्याला हा एवढाच अपवाद, आणि त्याच्यासाठीही वस्तूमागे एक पॉइंटर खर्च होतो.

सी प्लस प्लसमध्ये पीटाइपचं उत्तर मारुतीच्या शेपटासारखं लांबतं. पीटाइप/एम लिहा, फंक्शनांची यादी गळते, फील्डं राहतात. व्हेक्टर, स्ट्रिंग वगैरे प्रिंट करताना जीडीबी पायथनमधल्या सुबक छपाईच्या स्क्रिप्ट वापरतो. आतला कच्चा माल बघायचा तर प्रिंट/आर.

'इनकम्प्लीट टाइप' म्हणजे?

नाव कळलं, पोट कळलं नाही. बहुधा हेडरमध्ये 'स्ट्रक्ट अमुक' एवढंच जाहीर केलंय आणि पूर्ण व्याख्या अशा लायब्ररीत आहे जी '-जी' न देता बांधली गेली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचं आणखी एक वळण आहे: जागा वाचवायला तो काही क्लासांची पूर्ण माहिती एकाच फाइलमध्ये ठेवतो, आणि नेमकी तीच फाइल डीबग माहितीशिवाय असेल तर बाकी सगळीकडे अपूर्ण दिसतं. '-एफस्टँडअलोन-डीबग' दिलं की प्रत्येक फाइलमध्ये पूर्ण माहिती येते.

'टाइप माहीत नाही, कास्ट करा' असं म्हणतो.

त्या व्हेरिएबलचं नाव आणि पत्ता सापडला, टिपण सापडलं नाही. जीडीबी ८.१ च्या आधी अशा वेळी तो गुपचूप इंट धरून चालायचा आणि डबलचे तुकडे इंट म्हणून दाखवायचा. आता सरळ नकार देतो, तेच बरं. स्वतः कास्ट करा, किंवा टिपण मिळवा. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत लायब्ररीचं टिपण वेगळ्या पॅकेजात असतं, किंवा डीबगइन्फोडी नावाच्या सेवेतून हवं तेव्हा उतरवता येतं. स्वतःचाच प्रोग्राम असेल तर शेवटी कुणी टिपण काढून टाकणारं 'स्ट्रिप' तर चालवलं नाही ना, ते बघा.

'ऑप्टिमाइज्ड आउट' हाही टाइपचाच घोळ आहे का?

नाही, तिथं उलट असतं. टाइप माहीत असतो, व्हॅल्यू उरलेली नसते. पीटाइप बरोबर उत्तर देतो, प्रिंट हात वर करतं. '-ओजी' (डीबगिंगला अडणार नाही एवढंच ऑप्टिमायझेशन) देऊन पुन्हा बांधा.

प्रोग्राममधले सगळे टाइप एकदम?

'इन्फो टाइप्स'. पुढे नावाचा तुकडा दिल्याशिवाय चालवू नका, नाहीतर यादी संपेपर्यंत इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, सराफा, उघडेल.

जीडीबी नाही, दुसरा डीबगर वापरतो.

एलएलडीबीत 'टाइप लुकअप' आणि पुढे नाव. लोकल व्हेरिएबलं टाइपसकट हवी असतील तर 'फ्रेम व्हेरिएबल' ला मोठा टी. विनडीबीजीत 'डीटी': नुसतं टाइपचं नाव दिलं तर मांडणी, सोबत पत्ता दिला तर मांडणीत व्हॅल्यूही भरून. ही सोय जीडीबीत एका आज्ञेत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. गो भाषेच्या डेल्व्हमध्ये आणि पायथनच्या पीडीबीतही व्हॉटइज आहे. पायथनमध्ये मात्र टाइप वस्तूसोबतच फिरतो, तिथं टिपणाची भानगड नाही.

आमच्याकडच्या मशीनवर जीडीबी जुना आहे, /ओ ओळखतच नाही.

धर्मकाट्यांवरच्या संगणकांवर हे हमखास होतं, तिथं कुणी काही अपडेट करत नाही. मग जुनी युक्ती: शून्य हा पत्ता स्ट्रक्ट नोंदच्या पॉइंटरमध्ये कास्ट करा, त्यातल्या वजनचा पत्ता अँपरसँड लावून प्रिंट करा. शून्यावर खरी नोंद नसते, पण आपण नुसता पत्ता विचारतोय, आत डोकावत नाही, म्हणून प्रोग्राम कोसळत नाही. डबल पॉइंटर, ०एक्स८ असं उत्तर आलं की वजन आठव्या बाइटावर. ०एक्स१ आलं तर पॅक झालंय. पूर्ण आकारासाठी 'प्रिंट साइझऑफ'. भोकं मात्र कागदावर स्वतः मोजावी लागतात, आणि उत्तर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर येतं हे विसरू नका: पावतीसाठी ०एक्स१० दिसलं तर ते सोळा, दहा नव्हे. दर महिन्याला एक तरी मुलगा तिथं अडकतो.